ॲटमचा चणा: किरणं मारलेल्या बियाण्याला ‘मर’ लागत नाही, हे खरं का?

शनिवारचा शेतकरी (धागाकर्ता), १८ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. राहायला इंदुरात, राजेंद्र नगरला. वडिलोपार्जित जमीन सांवेरच्या पुढे. शेती वाटेकरी करतो, मी शनिवारी जाऊन सूचना देतो आणि तो त्या शांतपणे ऐकून घेतो.

यंदा सोयाबीन निघाल्याबरोबर, ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात चणा पेरला. बियाणं एका दुकानातून घेतलं. (नाव लिहीत नाही, त्याच गावात राहायचंय.) दुकानदार म्हणाला, "भाईसाब, ये ॲटमवाला चना है, बंबई का. इसको उकठा लगताच नहीं." उकठा म्हणजे आपला मर रोग. भाव नेहमीच्या दीडपट. पोतं शिवलेलं नव्हतं, सुतळीने बांधलेलं होतं, हे मला आज आठवतंय.

काल गेलो तर दर चार पावलांवर एखादं रोप पिवळं पडून मान टाकलेलं. वाटेकरी काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

दुसरी आघाडी घरात. जेवताना मी ‘ॲटमचा चणा’ असं बोलून गेलो. आईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "त्याची डाळ या घरात पुरणाला येणार नाही. किरणं मारलेलं मी नैवेद्याला ठेवायची नाही." आता होळीपर्यंत तरी हा विषय मिटायला हवा.

तर जाणकारांनी सांगावं. अशी किरणं मारून रोग न लागणारी कडधान्यं खरंच तयार होतात, की दुकानदाराने मला शेंडी लावली? आणि ती खायला कशी?

शेवपुराण, १८ नोव्हेंबर

रात्री शेतात उजेड पडतो का ते आधी बघा. पडत असेल तर मोटारीच्या बिलाचं काही जमतंय का पाहू.

बाकी इंदुरात चण्यावर संकट म्हणजे शेवेवर संकट. विषय गंभीर आहे, पोह्यांवर घालायला काही उरणार नाही.

प्रयोगवही, १८ नोव्हेंबर

दादा, मी इथेच वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय, म्हणून थोडं आगाऊपणे लिहिते.

तयार होतात, आणि हे नवीन नाही. क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे मुलरने १९२७ साली फळमाशीवर दाखवलं, लगेच पुढच्या वर्षी स्टॅडलरने बार्लीवर. मुलरला १९४६ चं नोबेल मिळालं. आता बहुतेक ठिकाणी कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण वापरतात, किंवा ईएमएससारखं रसायन.

खाण्याचं म्हणाल तर गॅमा किरण बियाण्यातून आरपार जातात, मागे काही ठेवत नाहीत. छातीचा एक्स-रे काढून घरी आलेल्या माणसाशेजारी आपण जेवायला बसतोच ना? (न्यूट्रॉनचा मारा केला तर त्या बियांमध्ये थोडी किरणोत्सारिता येऊ शकते, पण त्या बिया कोणी खात नाही, पेरतात.)

गच्चीवरची बाग, १९ नोव्हेंबर

मग हे जीएमच (प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक) झालं की! वांग्याचं प्रकरण आठवतंय, २०१० साली थांबवलं होतं.

प्रयोगवही, १९ नोव्हेंबर

नाही ताई. बीटी वांग्यात जिवाणूचं जनुक घातलं होतं. इथे बाहेरचं काही घालत नाहीत, झाडाचं जे आहे त्यातच बदल होतो. म्हणून आपल्याकडे अशा जातींना जीएमसारखी वेगळी परवानगी लागत नाही. संकर करून काढलेल्या जातीसारख्याच चाचण्या होतात आणि जात प्रसारित होते.

गच्चीवरची बाग, १९ नोव्हेंबर

हे मला उलटंच वाटतं गं. तिकडे एक ठरलेलं जनुक घातलं तर एवढा गहजब. इकडे कुठे काय तुटलं ते ठाऊक नाही आणि त्याला परवानगी नको? मी विरोधात नाही, पण ‘नैसर्गिक आहे’ असं म्हणून कोणी माझ्या गळ्यात मारू नये.

ओळीतला माणूस, १९ नोव्हेंबर

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. याला नैसर्गिक म्हणणाऱ्यांचं मलाही हसू येतं.

मी शास्त्रज्ञ नाही. कडधान्याच्या एका केंद्रावर एकतीस वर्षं क्षेत्र सहायक होतो. शास्त्रज्ञ कागदावर जे मांडायचे ते उन्हात उभं राहून मोजायचं काम माझं. आता ग्वाल्हेर सोडून मुलाकडे इंदुरात असतो, वेळ भरपूर आहे, तेव्हा लांबण लावतो.

किरणं झाडात रोगाशी लढायची ताकद ‘भरतात’ असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. किरणं फक्त मोडतोड करतात. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाला मुद्दाम धक्के द्यायचे, हजारो नकला करून घ्यायच्या, आणि मग चुकून अर्थ सुधारलेली एखादी ओळ सापडते का बघायचं. बाकीच्या नकला रद्दी. धक्का द्यायला काही मिनिटं लागतात, ओळ शोधायला आठ-दहा वर्षं.

किरणं घेतलेल्या बिया आमच्याकडे कागदी पाकिटांतून यायच्या. पाकिटावर पेन्सिलीने आकडा: २००, ३००, ४००, असे ग्रेमध्ये (किरणांची मात्रा मोजायचं माप). माणसाला चार-पाच ग्रे म्हणजे यमाचं बोलावणं, आणि चण्याची कोरडी बी शेकड्यांनी घेऊन पुन्हा उगवते. हातात घेतल्या तर सगळ्या सारख्याच. पण एका ट्रेमध्ये शेजारी-शेजारी पेरल्या की दहा-बारा दिवसांत जिना दिसतो: शून्याची ओळ वितीएवढी, पुढची बोटभर कमी, शेवटची जमिनीला चिकटलेली. निम्मी रोपं कुठल्या मात्रेला जातात ते यावरून काढायचं आणि तिच्या अलीकडे-पलीकडे काम करायचं.

पहिली पिढी बघून नवखी पोरं हरखून जायची. पान अर्धं हिरवं, अर्धं फिकट; एकाला दोन शेंडे; एक नुसतंच खुरटं. त्यातलं बहुतेक जखमेचं असतं, वारशाचं नसतं. आणि जो खरा बदल असतो तो बहुधा जोडीतल्या एकाच जनुकात झालेला, दुसरं धड असल्यामुळे झाकलेला. म्हणून पहिल्या पिढीत आम्ही काही निवडायचो नाही. प्रत्येक झाडाचे घाटे वेगळ्या पाकिटात, एवढंच.

खरी गंमत दुसऱ्या पिढीत. एका झाडाची एक ओळ. आठवड्याभरात ओळींमध्ये मधूनच पांढरी रोपं उभी राहतात, दुधासारखी. हरितद्रव्यच नसतं त्यांच्यात. बियातली शिदोरी आहे तोवर उभी, मग संपतात. ती सकाळी लवकर जाऊन मोजायची, ऊन चढलं की माना टाकतात. किती निघाली यावरून किरणांनी काम केलं का ते कळतं. पहिल्या वर्षी त्यांचं फार वाईट वाटलं होतं मला.

मग येतो रोगट वाफा. मर रोगाची बुरशी मुद्दाम पोसून ठेवलेली जमीन. वर्षानुवर्षं तिथे चणाच लावायचा, मेलेली झाडं तिथेच तोडून गाडायची. दर दोन-चार ओळींनंतर एक ओळ जेजी-६२ ची. ही आपल्या मध्य प्रदेशातलीच जात; एका देठावर दोन-दोन घाटे धरते, दिसायला गोजिरी, आणि मर रोगाला इतकी हळवी की देशभर तिला साक्षीदार म्हणून लावतात. ती मेली तरच शेजारची जगलेली ओळ खरी. ज्या कोपऱ्यात जेजी-६२ हिरवी राहिली, तिथल्या सगळ्या नोंदी आम्ही लाल शाईने खोडायचो. साहेब हळहळायचे, पण खोडायचो.

एका वर्षी साडेतीनशे ओळींतून चार उरल्या. पुढल्या वर्षी चारातून एक. तिचे दाणे इतके बारीक, की मंडीत कोणी मूठ भरूनही बघितली नसती. ती जात झाली नाही. दुसऱ्या चांगल्या जातीशी संकर करायला ठेवून दिली.

ताई, तुमच्या ‘कुठे काय तुटलं’ याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. जे वाईट तुटलेलं डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, ते या चाळणीत जातं. न दिसणारं जात असेलच, याची हमी मी देणार नाही. पण साध्या संकरात तरी ती कोण देतं?

आणि शेतकरीदादा, आईंना एक सांगा. तुमच्या पोत्यातला दाणा कधी किरणांसमोर गेलेलाच नाही. गेला असलाच तर त्याचा खापरपणजोबा.

शेवपुराण, १९ नोव्हेंबर

काका, दंडवत. थट्टा मागे घेतो. मात्र खापरपणजोबावाला मुद्दा आईंसमोर जपून मांडा, त्या लगेच विचारतील की मग सुतक किती दिवसांचं.

गच्चीवरची बाग, २० नोव्हेंबर

काकांनी हमी देत नाही म्हटलं, तेच मला पटलं.

पण एक कळलं नाही. मोडतोड केल्याने रोग लागणं थांबेल कसं? मोडल्यावर तर झाड आणखी दुबळं व्हायला हवं.

प्रयोगवही, २० नोव्हेंबर

माझा आवडता प्रश्न! झाडातली काही जनुकं नकळत रोगाची सोय करत असतात. बार्लीत एमएलओ नावाचं जनुक आहे. ते शाबूत असलं की भुरीची (पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या रोगाची) बुरशी पानात सहज शिरते. ते मोडलं की बुरशी दाराशी येते, पण तिच्याजवळच्या किल्लीला कुलूपच सापडत नाही. जर्मनीत १९४२ साली क्ष-किरणांनी असंच बार्लीचं झाड मिळालं होतं. आणि कडधान्यांच्या घराण्यातही हेच: वाटाण्यात भुरी न लागणारं जे ईआर-१ आहे, तेही त्याच एमएलओ घराण्यातलं मोडलेलं जनुक निघालं.

सगळे रोग असे थांबत नाहीत, हेही खरं. काही ठिकाणी लढायला नवं हत्यार लागतं, ते मोडून मिळत नाही.

खंडवा रोड, २० नोव्हेंबर

इंदूरकरांनो, उदाहरणं लांब कशाला शोधताय? आपल्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संस्थेची (स्थापना १९८७) अहिल्या-१, म्हणजे एनआरसी-२, ही ब्रॅग नावाच्या अमेरिकन वाणात उत्परिवर्तन (म्हणजे जनुकांतला असा मुद्दाम केलेला बदल) घडवून काढलेली. अहिल्या-२ सुद्धा ब्रॅगमधूनच. नाव देवी अहिल्याबाईंचं. दादा, आईंना हे नक्की सांगा, विरोध निम्मा होईल.

आपल्या इंदुरातल्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इलेक्ट्रॉनचा झोत आहे, त्यावरही बियाण्यांचे प्रयोग झालेत. म्हणजे ॲटमसाठी ‘बंबई’ गाठायची गरज नाही.

ओळीतला माणूस, २० नोव्हेंबर

बरोबर. मुंबईचं म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राचं नाव कडधान्यांत मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यांच्या जातींची नावं वाचायची एक युक्ती सांगतो. टीएयू-१ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-उडीद. १९८५ ची जात, आणि पुढे महाराष्ट्रातल्या उडदाखालची बरीचशी जमीन तिने व्यापली. टीजेएम म्हणजे ट्रॉम्बे-जवाहर-मूग, टीजेटी म्हणजे ट्रॉम्बे-जवाहर-तूर; जवाहर म्हणजे जबलपूरचं कृषी विद्यापीठ. टीएजी-२४ हा भुईमूगही तसाच, ट्रॉम्बे आणि अकोल्याचा.

यातल्या पुष्कळ जाती थेट किरणांतून आलेल्या नाहीत. टीएयू-१ मध्ये एक बाजू टी-९ हा जुना उडीद, दुसरी बाजू उत्परिवर्तित झाड. तुरीत टी-२१ या वाणावर वेगवान न्यूट्रॉनचा मारा करून मोठ्या दाण्याची टीटी-६ मिळाली, ती १९८३ ला आली, आणि पुढे तिचंच रक्त मध्य भारतासाठी २००९ साली आलेल्या टीजेटी-५०१ मध्ये उतरलं. म्हणजे उत्परिवर्तन बहुतेकदा आजोळ असतं, घर नव्हे.

चण्यात मात्र हे मोठं काम दिल्लीच्या पुसा संस्थेचं. जी-१३० या वाणाला गॅमा किरण देऊन पुसा-४०८ ‘अजय’ आणि पुसा-४१३ ‘अतुल’ या १९८५ ला आल्या. सीमेपलीकडे फैसलाबादच्या संस्थेने करपा सोसणारी सीएम-७२ काढली, १९८३ ला. त्याआधी लागोपाठ करप्याने त्यांचा चणा धुऊन नेला होता. त्यामुळे ‘बंबईका ॲटमवाला चना’ ऐकल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. शेतकरीदादा, जातीचं नाव काय होतं? पोत्यावर चिठ्ठी कुठल्या रंगाची?

नर्मदाकाठ, २१ नोव्हेंबर

हरद्याहून लिहितोय. आमच्याकडे गहू-चणा निघाला की उन्हाळी मूग. टीजेएम-३ मी तीन उन्हाळे लावला. २००७ ची जात. भुरी आणि पिवळ्या मोझॅकला टिकते म्हणून सांगतात. भुरीला खरंच टिकला. मोझॅकचं म्हणाल (पांढरी माशी पसरवते तो विषाणूचा रोग, महाराष्ट्रात केवडा म्हणतात) तर पहिली दोन वर्षं शेत हिरवंगार, तिसऱ्या वर्षी पांढरी माशी एवढी झाली की बांधाकडच्या ओळी पिवळ्या पडल्याच. शेजाऱ्याचा साधा मूग पूर्ण गेला, माझा काठाकाठाने गेला. याला यश म्हणायचं की अपयश, तुम्ही ठरवा. मी उडदा-मुगाच्या पैशातून ट्रॉलीचे टायर बदलले, तेव्हा माझं मत उघड आहे.

आता विराट नावाचा मूग लावतो, तो साधा संकराचा आहे, दोन महिन्यांच्या आत निघतो. आम्हाला पाऊस यायच्या आत शेत मोकळं हवं, किरणं कोणाला मोजायचीत. मंडीत कोणी विचारत नाही, आजोळ कुठलं म्हणून.

शनिवारचा शेतकरी, २२ नोव्हेंबर

काका, चिठ्ठी नव्हतीच. पावतीवर ‘चना बीज’ एवढंच.

आज शेतात जाऊन आलो. बारा रोपं उपटून फोटो टाकलेत. एक गोष्ट विचित्र वाटली: उपटायला जोरच लागला नाही. आणि जमिनीलगत, जिथे खोड मातीत जातं, तिथे पांढरा कापसासारखा धागा आहे. त्यात मोहरीसारखे बारीक दाणे. वाटेकरी म्हणतो किड्याची अंडी.

ओळीतला माणूस, २२ नोव्हेंबर

अंडी नाहीत. चौथा फोटो मी मोठा करून तीनदा बघितला. दादा, हा मर रोगच नाही!

ब्लेडने एक खोड उभं चिरा. मर असेल तर आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते, वरून खोड मात्र सडलेलं नसतं. तुमच्याकडे उलट आहे: मातीजवळ खोड कुजून बारीक झालंय, वर पांढरी बुरशी, आणि ते मोहरीचे दाणे म्हणजे बुरशीचीच बीजं. हा खोडकूज. वेगळी बुरशी, वेगळा रोग. मर न लागणारी जात असती, अस्सल, निळ्या चिठ्ठीची, तरी या बुरशीने तिला सोडलं असतं असं नाही. ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द ऐकला की आधी विचारायचं, कुठल्या रोगाला? आणखी एक आहे, कोरडी मूळकूज, ती फुलं-घाटे धरताना ऊन तापलं की येते. तिच्यात मुळं काडीसारखी कटकन मोडतात. तिघांनाही आपले लोक एकच ‘उकठा’ म्हणतात आणि दुकानदारांचं फावतं.

आता सांगा, पेरताना सोयाबीनचं भुसकट शेतातच होतं ना?

शनिवारचा शेतकरी, २२ नोव्हेंबर

होतं. रोटाव्हेटर मारून मिसळलं होतं. ‘सेंद्रिय खत होईल’ अशी सूचना मीच केली होती. वाटेकऱ्याने ऐकून घेतली होती.

ओळीतला माणूस, २२ नोव्हेंबर

मग झालं. न कुजलेलं भुसकट, ऑक्टोबरच्या सुरुवातीची उबदार जमीन, वर ओल. या बुरशीला पंगत वाढलीत तुम्ही. रोपं दीड महिन्याची झाली की हा रोग आपोआप ओसरतो, राहिलेली वाचतील. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात खोल नांगरट, भुसकट कुजवून मगच शेतात, पेरणी थोडी थांबून, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी).

खंडवा रोड, २२ नोव्हेंबर

हॉवर्डसाहेब (इंग्रज शेतीशास्त्रज्ञ) १९२४ साली इंदुरात संस्था काढतो, काडीकचरा आधी ढिगात कुजवून मग शेतात घालायची रीत बसवतो, जग तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतं. आणि शंभर वर्षांनी इंदूरचा माणूस कच्च्या भुसकटात चणा पेरतो. धन्य.

शेवपुराण, २२ नोव्हेंबर

म्हणजे ॲटम निर्दोष सुटला?

ओळीतला माणूस, २३ नोव्हेंबर

ॲटम त्या पोत्यात होता याला पुरावाच नाही, मग सुटला कसला! दुकानदार मात्र सुटत नाही. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते, पायाभूतला पांढरी, पैदासकाराच्या बियाण्याला सोनेरी पिवळी. त्यावर जातीचं नाव, तुकडी, उगवणशक्ती. सुतळीने बांधलेल्या पोत्यातून दीडपट भावाने जे मिळालं ते बहुधा मंडीतलाच चणा, चाळून.

शनिवारचा शेतकरी, १४ फेब्रुवारी

धागा वर काढतोय, राग नसावा.

डिसेंबरपासून मुख्य शेतात एकही नवीन रोप मेलं नाही. विरळ झालेल्या जागी झाडं पसरली, घाटे बरे आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला काकांच्या सांगण्यावरून एका कोपऱ्यात दहा ओळी उशिराच्या लावल्या: पाच त्या पोत्यातल्या उरलेल्या बियाण्याच्या, पाच निळ्या चिठ्ठीच्या. भुसकट वेचून काढलं होतं. काल वाटेकऱ्याबरोबर मेलेली झाडं मोजली: पोत्याच्या ओळींत सात, चिठ्ठीच्या ओळींत दोन. सातही खोडं ब्लेडने चिरली. पाचांत ती काळी रेघ होती.

वाटेकऱ्याने ब्लेड हातात घेऊन सातवं खोड स्वतः चिरलं, रेघ बघितली आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, "अगली बार दुकान पे मैं भी चलूंगा."

गच्चीवरची बाग, १४ फेब्रुवारी

वा! आणि पुरणाचं काय ठरलं?

शनिवारचा शेतकरी, १५ फेब्रुवारी

अहिल्याबाईंचं नाव सांगून बघितलं. आई म्हणाली, "त्यांच्या नावाने काहीही खपवाल तुम्ही लोक." मग काल तिनेच विचारलं, आपल्या शेतातली डाळ कधी येतेय, बाजारची शिजत नाही नीट.